पाणपोई

उन्हाळ्यात वाटसरूंना विनामूल्य पिण्याचे पाणी देण्यासाठी घातलेली सोय. धर्मशास्त्रात तिला प्रपा म्हटले आहे. कोल्हापूर परिसरात गुढीपाडव्याच्या सुमारास मांडव घालून ती मृग लागेपर्यंत चालवितात. अक्षय्यतृतीयेच्या उदककुंभदानाशीही तिचा संबंध जोडला जातो.

या प्रथेचा आरंभ निश्चित सांगणे कठीण आहे. अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात माणसे व जनावरे यांच्यासाठी पाण्याची सोय केल्याचा उल्लेख असला, तरी ती पाणपोईच होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. महाराष्ट्रापुरता नाशिक लेण्यांतील उषवदाताचा लेख अधिक भरवशाचा. क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाच्या या जावयाने नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा (विसाव्याच्या जागा) व प्रपा केल्याचे त्यात स्पष्ट नमूद आहे. त्याचा काळ मात्र वादग्रस्त आहे. नहपानकालीन लेखांतील 41 ते 46 ही वर्षे शक संवताची मानल्यास इ. स. 119 ते 124 हा काळ येतो. ती राज्यवर्षे मानल्यास तो पहिल्या शतकात मागे जातो. नाण्यांचा पुरावा पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांच्या 1919 मधील हुकमाने सार्वजनिक विहिरी, पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. त्यापूर्वीच्या निर्बंधांचा विचार करता, लांब दांड्याच्या ओगराळ्याने ओंजळीत उंचावरून पाणी ओतण्याची रीत केवळ स्वच्छतेपोटी आली असे मानता येत नाही.

रांजण वाळूच्या थरावर, सावलीत ठेवून त्याला ओले गोणपाट गुंडाळतात. मातीतून पाझरलेल्या पाण्याचे बाष्प होताना दर ग्रॅममागे सुमारे 580 कॅलरी उष्णता शोषली जाते व आतील पाणी गार राहते. हवा दमट झाली की बाष्पीभवन मंदावते. त्यामुळे वळवाआधीच्या उकाड्यात रांजणाचा गारवा उणावतो. क्षारांनी छिद्रे बुजलेल्या जुन्या रांजणाचे तेच होते, आणि शोभेसाठी बाहेरून तैलरंग दिलेल्या नव्या रांजणाचेही.

आता तालीम मंडळे व व्यापारी बहुधा पाण्याचे जार ठेवतात. घामावाटे मीठही जात असल्याने हमाल, बांधकाम मजूर यांना नुसत्या पाण्याच्या जोडीला मीठ घातलेले ताक किंवा मीठ-साखरेचे पाणी देणे हितकर असते. उष्माघाताने शुद्ध हरपलेल्यास मात्र तोंडाने काहीही पाजू नये. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व तत्काळ रुग्णालयात हलवावे.