तिकिटावरचं पहिलं नाव आणि दुसरं नाव: अंदाज बांधताना होणारी गल्लत

कमला हॅरिस २०२४ ला अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक हरल्या आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या २०२८ च्या तिकिटाची चर्चा लगोलग सुरू झाली. तेव्हापासून जोड्या लावणं काही थांबलेलं नाही. गॅव्हिन न्यूसम आणि अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ. जॉश शापिरो आणि ग्रेचेन व्हिटमर. पीट बुटिजेज आणि वेस मूर. तिकडे राहणारी मराठी मंडळीही या चर्चेत हिरिरीने उतरतात आणि इकडे आपण त्यांचं ऐकून आपापली जोडी ठरवतो.

यात हरकत घेण्यासारखं काहीच नाही, मलाही या चर्चेत मनापासून रस आहे. पण दोन्ही नावं एका दमात घेतली जातात तिथे गल्लत होते. तिकिटावरचं पहिलं नाव, म्हणजे अध्यक्षपदाचा उमेदवार, लाखो-कोटी मतदार कित्येक महिने एकेका राज्यात मतं देऊन ठरवतात. दुसरं नाव, म्हणजे उपाध्यक्षपदाचा उमेदवार, ठरवतो एकच माणूस: ज्याचं पहिलं नाव पक्कं झालंय तो. तोही हे काही आठवड्यांत, बंद दाराआड करतो. एकाला लावायचा आडाखा दुसऱ्याला लावला की अंदाज कोसळतो.

आपल्याकडच्या सवयीमुळे ही गल्लत जास्त होते असं मला वाटतं. भारतात राष्ट्रपतीला खासदार आणि आमदार मिळून निवडतात, उपराष्ट्रपतीला फक्त संसदेच्या दोन्ही सभागृहांतले खासदार. दोन वेगळ्या निवडणुका, बहुतेकदा वेगळ्या वेळी. द्रौपदी मुर्मू २०२२ मध्ये राष्ट्रपती झाल्या आणि सी. पी. राधाकृष्णन महाराष्ट्राच्या राज्यपालपदावरून सप्टेंबर २०२५ मध्ये उपराष्ट्रपतिपदी गेले. त्यांची जोडी कुणी मतदारांपुढे ठेवली नव्हती. पण दोन्ही वेळा नाव ठरलं ते पक्षश्रेष्ठींच्या बैठकीत, त्यामुळे ‘श्रेष्ठींच्या मनात कोण आहे?’ हाच आपला प्रश्न असतो. अमेरिकेत पहिल्या नावासाठी असे श्रेष्ठी आता उरलेले नाहीत. दुसऱ्या नावासाठी मात्र आहेत, आणि ते म्हणजे स्वतः पहिलं नाव.

‘आता’ उरलेले नाहीत असं म्हटलं, कारण पूर्वी होते. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री एकाही प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्यातल्या मतदानात, उतरले नव्हते, तरी शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी त्यांनाच मिळाली. राज्याराज्यांतल्या पुढाऱ्यांनी आपले प्रतिनिधी त्यांच्या पाठीशी उभे केले होते. बाहेर रस्त्यावर व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शनं आणि पोलिसांच्या लाठ्या, आत हा प्रकार. त्या संतापातून पक्षाने मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला, नियम बदलले आणि १९७२ पासून उमेदवारीची किल्ली प्रायमरीत मत देणाऱ्यांच्या हाती गेली.

आता ही प्रक्रिया अशी चालते: प्रत्येक राज्यात मतदान होतं आणि त्या प्रमाणात उमेदवाराला डेलिगेट, म्हणजे अधिवेशनात त्याच्या बाजूने मत देणारे प्रतिनिधी मिळतात. डेमोक्रॅटिक पक्षात १५ टक्क्यांच्या खाली राहिलात तर सहसा काहीच हाती लागत नाही. म्हणून दहा जण रिंगणात असले तरी पहिल्या काही राज्यांनंतर तीन-चार उरतात. बाकीच्यांचा पैसा आटतो, देणगीदार फोन उचलत नाहीत.

२०२० च्या फेब्रुवारीत हे अगदी जवळून दिसलं. जो बायडेन आयोवात चौथे आले, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. दूरचित्रवाणीवरच्या पंडितांनी त्यांना जवळजवळ निरोप दिला होता. मग २६ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनातले ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडेनना जाहीर पाठिंबा दिला, २९ तारखेला त्या राज्यात बायडेनना जवळपास निम्मी मतं पडली. पुढच्या दोन दिवसांत बुटिजेज आणि एमी क्लोबुचर यांनी माघार घेऊन बायडेनना पाठिंबा दिला आणि ३ मार्चला, ज्याला ‘सुपर ट्यूजडे’ म्हणतात त्या दिवशी, १४ पैकी १० राज्यं बायडेनच्या खात्यात गेली. एका आठवड्यात सगळं चित्र पालटलं. पहिल्या नावाचा अंदाज बांधायचा तर या गोष्टी बघाव्या लागतात: सुरुवातीला कुठली राज्यं येतात, तिथला मतदार कोण आहे, कृष्णवर्णीय मतदारांत कुणाचा शब्द चालतो, कोण कुणासाठी बाजूला होईल.

दीड-दोन वर्षं आधीची देशभरातली जनमत चाचणी या कामी फारशी येत नाही. २००७ मध्ये बराच काळ रिपब्लिकन पक्षात रूडी जुलियानी पुढे होते आणि डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन. निवडणुकीला उभे राहिले जॉन मॅकेन आणि बराक ओबामा. आज न्यूसम किंवा बुटिजेज चाचणीत पुढे दिसले म्हणजे नावाची ओळख दिसली, एवढाच अर्थ मी घेतो.

आता दुसरं नाव. इथे मतदार नाही, डेलिगेटांची बेरीज नाही. अधिवेशनात मतदान होतं, पण तो शिक्कामोर्तबाचा उपचार. १९५६ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी ही निवड खरोखरच अधिवेशनावर सोडली होती. तेव्हा एस्टीस केफॉव्हर यांनी तरुण जॉन केनेडींवर मात केली. तसं पुन्हा कुणी केलेलं नाही.

घाईत केलेली निवड किती महाग पडते हे १९७२ ने शिकवलं, आणि आज जी चौकशी होते तिचं मूळ तिथे आहे. डेमोक्रॅटिक उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी मायामी बीचच्या अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, आधीच्या दोन-चार जणांनी नकार दिल्यावर, मिझुरीचे सिनेटर थॉमस ईगलटन यांना फोन केला. जुनं काही निघण्यासारखं आहे का, असं त्यांना विचारलं गेलं. नाही, म्हणाले ते. नैराश्यासाठी ते तीनदा रुग्णालयात राहिले होते आणि त्यांच्यावर विजेच्या झटक्यांचे उपचार झाले होते, हे लवकरच बाहेर आलं. मॅकगव्हर्न यांनी आधी ‘हजार टक्के’ पाठीशी असल्याचं सांगितलं, मग ईगलटनना बाजूला व्हावं लागलं आणि पक्षाच्या राष्ट्रीय समितीने सार्जंट श्रायव्हर यांना घेतलं. नोव्हेंबरात मॅकगव्हर्न ४९ राज्यं हरले. त्या माणसाच्या आजाराची जी जाहीर चिरफाड झाली ती वाचून आजही वाईट वाटतं. पण तेव्हापासून वकिलांची फौज नेमून संभाव्य जोडीदाराची कर विवरणपत्रं, आजारपणं, जुनी भाषणं, पती किंवा पत्नीचे व्यवसाय, सगळं तपासलं जातं. आपल्याकडे स्थळ आलं की घराण्याची चौकशी करतात, तसंच हे, फक्त कागदोपत्री आणि कित्येक पटींनी कसून.

या चौकशीत काय निघालं ते बाहेरच्याला कळत नाही. म्हणून दुसऱ्या नावाचा अंदाज मुळातच कच्चा असतो. त्यात सर्वांत जास्त चालणारा तर्क म्हणजे ‘तो आपलं राज्य जिंकून देईल’. २०२४ ला शापिरो यांच्याबद्दल हेच म्हटलं जात होतं, कारण ते पेन्सिल्व्हेनियाचे गव्हर्नर आणि त्या राज्याची इलेक्टोरल मतं, म्हणजे अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींची (इलेक्टरांची) मतं, १९. १९६० मध्ये लिंडन जॉन्सन यांनी टेक्सास मिळवून दिलं हे खरं, आणि हा तर्क त्या एका उदाहरणावर उभा आहे. पण २००४ मध्ये जॉन एडवर्ड्स असून नॉर्थ कॅरोलायना गेलं, २०१२ मध्ये पॉल रायन असून विस्कॉन्सिन गेलं. दुसरा तर्क समतोलाचा: उत्तरेचा असेल तर दक्षिणेचा, म्हातारा असेल तर तरुण. १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांनी तोही मोडला. स्वतः आर्कन्सॉचे, शेजारच्या टेनेसीचे आणि जवळपास आपल्याच वयाचे अल गोर त्यांनी निवडले, आणि जिंकले.

मला वाटतं, खरा प्रश्न असतो तो पहिल्या माणसाला स्वतःत काय कमी दिसतं आणि कुणाबरोबर चार वर्षं काम करायला जमेल हा. २०२४ मध्ये हॅरिसना निवड करायला जेमतेम सोळा दिवस मिळाले. शेवटच्या फेरीत शापिरो होते, ॲरिझोनाचे मार्क केली होते, आणि ६ ऑगस्टला नाव आलं मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांचं. जुलैच्या सुरुवातीला मिनेसोटाबाहेर वॉल्झना फार लोक ओळखत नव्हते. बुटिजेज आपल्या मनात पहिले होते, पण कृष्णवर्णीय स्त्री आणि समलिंगी पुरुष अशी जोडी म्हणजे फार मोठी जोखीम वाटली, हे हॅरिस यांनी नंतर लिहिलं. कुठल्या चाचणीतून हे कुणाला कळलं असतं?

या दोन खेळांतला फरक एकाच व्यक्तीत बघायचा तर हॅरिसच बघाव्यात. जून २०१९ च्या वादसभेत त्यांनी बायडेनना वांशिक एकत्रीकरणासाठी मुलांना बसने दूरच्या शाळेत नेण्याच्या जुन्या वादावरून धारेवर धरलं. डिसेंबरात, एकही मत पडण्याआधी, त्यांची मोहीम गुंडाळली गेली. पहिल्या नावाच्या खेळात त्या सपशेल हरल्या. आठ महिन्यांनी त्याच बायडेननी दुसऱ्या नावासाठी त्यांना निवडलं. आणि २१ जुलै २०२४ ला बायडेननी माघार घेतली तेव्हा प्रायमरी उरकल्या होत्या, डेलिगेट बायडेनचे होते, ते हॅरिसकडे वळले. १९७२ नंतर प्रथमच डेमोक्रॅटिक पक्षाचं पहिलं नाव प्रायमरीत न लढता ठरलं. यावर पक्षात अजून धुसफुस आहे आणि ती रास्त आहे. २०२८ ला कुणीही आले तरी ते मतं घेऊनच यावेत, असा आग्रह म्हणूनच मोठा असेल.

आता राज्यघटनेची एक आडकाठी, जी जोड्या लावताना हमखास विसरली जाते. न्यूसम आणि हॅरिस अशी जोडी काही जण सुचवतात. दोघंही कॅलिफोर्नियाचे. १२व्या घटनादुरुस्तीप्रमाणे एखाद्या राज्याच्या इलेक्टरांना अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या दोन्ही पदांसाठी आपल्याच राज्याच्या रहिवाशांना मत देता येत नाही. कॅलिफोर्नियाची इलेक्टोरल मतं आहेत ५४. चुरशीच्या निवडणुकीत त्यातल्या एका पदाच्या मतांवर पाणी सोडणं कुणालाच परवडणार नाही. २००० मध्ये डिक चेनी टेक्सासमध्ये राहत होते. टेक्सासचेच जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचा जोडीदार होण्याआधी त्यांनी आपली मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. बुश-चेनी २७१ मतांनी जिंकले, लागतात २७०. टेक्सासची ३२ चेनींना नसती मिळाली तर ते बहुमताच्या खालीच राहिले असते.

आणखी एक अट दोन्ही नावांना सारखीच लागू आहे: जन्माने अमेरिकी नागरिक, वय किमान ३५, देशात १४ वर्षं वास्तव्य. बेळगावात वाढलेले, २०२३ मध्ये मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात गेलेले श्री ठाणेदार यांच्याबद्दल आपल्या लोकांना अभिमान आहे, मलाही आहे. २०१८ मध्ये ते मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत उतरले आणि व्हिटमर यांच्याकडून हरले. गव्हर्नर होता आलं असतं, पण तिकिटावर त्यांना पहिलं किंवा दुसरं, कुठलंच नाव मिळू शकत नाही, कारण त्यांचा जन्म भारतातला. फिलाडेल्फियात जन्मलेले भारतीय वंशाचे खासदार रो खन्ना यांना ती अडचण नाही.

दोन्ही नावं आधीच एकत्र जाहीर करण्याचे प्रयत्न झालेत, नाही असं नाही. १९७६ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी अधिवेशनाआधीच रिचर्ड श्वाइकर यांचं नाव सांगितलं आणि उमेदवारी जेराल्ड फोर्डकडे गेली. २०१६ मध्ये टेड क्रूझ यांनी कार्ली फिओरिना यांना २७ एप्रिलला जोडीदार केलं आणि ३ मेला इंडियाना हरून ते बाहेर पडले. दोन्ही वेळा मागे पडलेल्या माणसाने शेवटचा डाव म्हणून हे केलं होतं.

रिपब्लिकन बाजूला उपाध्यक्ष जेडी व्हान्स आणि मार्को रुबिओ ही जोडी जवळजवळ ठरल्यासारखी बोलली जाते. व्हान्स ओहायोचे, रुबिओ फ्लोरिडाचे, त्यामुळे घटनेची अडचण नाही. उपाध्यक्षपद हे पहिल्या नावाकडे जायचं दार आहे हेही खरं: निक्सन, हम्फ्री, मॉन्डेल, थोरले बुश, गोर, बायडेन, हॅरिस हे सगळे त्याच दारातून आले. पण व्हान्सना आधी आयोवा आणि न्यू हॅम्पशायरच्या मतदारांपुढे उभं राहावं लागेल आणि मगच जोडीदाराचा विषय येईल. त्याच वाटेने गेलेले डॅन क्वेल १९९९ मध्ये आणि माइक पेन्स ऑक्टोबर २०२३ मध्ये, पहिलं मत पडायच्या आधीच परत फिरले होते.