गरोदरपणातील बीपी आणि ‘टेन्शन’

‘गरोदरपणात बीपी वाढते ते टेन्शनमुळे, मन शांत ठेवले की आपोआप उतरते,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो. त्यात तथ्यांश आहे: घाबरल्यावर मेंदूच्या इशाऱ्याने हृदयाची गती वाढते, रक्तवाहिन्या आकसतात आणि दवाखान्यात आकडा चढतो, मात्र तो थोड्या वेळात उतरतो. पण गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर उद्भवणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचे, म्हणजे बीपी वाढवणाऱ्या गंभीर आजाराचे, मूळ मुख्यतः वारेत (बाळाला पोषण पुरवणाऱ्या प्लासेंटात) असते. तिचा रक्तपुरवठा अपुरा पडला की तिच्यातून सुटणारे घटक आईच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. मेंदूला उलट त्याची झळ बसते: तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, क्वचित झटके.

पडताळण्यासाठी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजावे. चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा अधिक आल्यास लघवीतील प्रथिने त्वरित तपासून घ्यावीत. १६०/११० असल्यास मात्र थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावे.