हॉर्नचा घसा बसतो तेव्हा

माझ्या जुन्या गाडीचा हॉर्न पावसाळ्यात आधी घोगरा झाला, मग नुसता ‘टक्’ करू लागला. गॅरेजवाल्याने नवा बसवून दिला. तोही घोगराच!

हॉर्नच्या डबीत तांब्याच्या तारेचं वेटोळं, पातळ पोलादी पडदा आणि दोन पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकून वीज जोडणारे संपर्क, असतात. वीज आली की वेटोळ्याचं चुंबक होतं आणि पडदा ओढला जातो. त्याच झटक्यात पॉइंट सुटतात, वीज तुटते, पडदा मागे येतो, पॉइंट पुन्हा जुळतात. सेकंदाला साधारण ४०० वेळा! शाळेतल्या विजेच्या घंटेचंच हे भावंड. पॉइंट चिकटले किंवा वीज अपुरी पडली, की पडदा एकदाच ओढला जातो. तोच तो ‘टक्’.

मग मी हॉर्नच्या तारेला मीटर लावला, तर चक्क १२ व्होल्ट. इथेच भले भले फसतात. मीटर वीज जवळजवळ ओढतच नाही. हॉर्नला मात्र ४-५ अँपिअर लागतात. माझ्या गाडीत हॉर्नचं अर्थिंग, म्हणजे विजेची परतीची वाट, त्याच्या पट्टीच्या बोल्टमधून होतं आणि त्याखाली गंज चढला होता. गंजाचा रोध अर्धा ओहम धरा. त्यातून ५ अँपिअर जायचे, तर अडीच व्होल्ट तिथेच खर्च होतात. म्हणून मोजायचं ते बटण दाबून धरून. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी हॉर्नच्या पट्टीला. आकडा शून्याच्या जवळ हवा. माझ्याकडे दोनच्या वर होता.

खरं तर याच्याही आधी हॉर्न सुटा करून, मध्ये फ्यूज घालून, थेट बॅटरीवर वाजवून पाहावा. खणखणीत वाजला तर दोष वाटेत आहे. फ्यूज पाहा. बटण दाबल्यावर रिले (बटणाच्या इशाऱ्यावर हॉर्नला वीज जोडणारा स्विच) टिकटिकत नसेल तर रिले किंवा बटणाची बाजू तपासा. स्टिअरिंग ठरावीक कोनात असतानाच हॉर्न वाजत असेल तर स्टिअरिंगखालचा संपर्क बिघडलाय. एअरबॅग असेल तर तिथे स्वतः हात घालूच नका, जिवाशी खेळ होतो. हॉर्नच्या मागचा स्क्रूही उगाच फिरवू नये. तो पॉइंटमधलं अंतर ठरवतो.

मी बोल्ट काढला, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासला, आवळल्यावर वरून ग्रीस लावलं. मग माळ्यावर टाकलेला जुना हॉर्न पुन्हा बसवला. तोच वाजतोय.