खाडीच्या माशाला मीठ किती?

मत्स्यालयाच्या दुकानात ठिपकेदार स्कॅटची पिल्लं बहुतेक वेळा गोड्या पाण्यातच पोहत असतात. लहानपणी त्यांना ते चालतं. पण वाढत्या वयाबरोबर हा मासा खाडीतून समुद्राकडे सरकतो, आणि कायम गोड्या पाण्यात ठेवला तर खंगत जातो. म्हणून ‘निमखाऱ्या पाण्याचा मासा’ एवढ्यावरून मीठ ठरवू नये. मासा कोणता आणि केवढा, हे आधी बघावं.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. बहुतेक माशांचं रक्त याच्या साधारण एक तृतीयांश खारं असतं. त्यामुळे गोड्या पाण्यात बाहेरचं पाणी सतत अंगात झिरपतं. मासा भरपूर पातळ लघवी करून ते काढतो आणि कल्ल्यांतल्या खास पेशी क्षार आत ओढतात. समुद्रात सगळं उलटं. तिथे मासा पाणी पितो आणि कल्ल्यांवाटे जादा मीठ बाहेर टाकतो. खाडीतल्या माशाला दोन्ही जमतं, मात्र पेशींची ही उलटापालट पुरी व्हायला काही दिवस लागतात.

गोव्यातल्या खाड्यांत मिळणारा काळुंदर हा मासा घ्या. मांडवी-झुआरी या नद्यांचं पाणी मे महिन्यात चांगलंच खारट असतं, तर ऐन पावसाळ्यात वरच्या भागात जवळजवळ गोडं. काळुंदर दोन्ही सोसतं. अशा माशासाठी एका आकड्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

तरी सुरुवात कुठून तरी करावी लागतेच. खारेपणा विशिष्ट गुरुत्वावरून, म्हणजे शुद्ध पाण्याच्या तुलनेत ते किती जड यावरून मोजतात: गोडं पाणी 1.000, समुद्र सुमारे 1.025. बंबलबी गोबी, फिगर-एट पफर यांना 1.005 च्या आसपास पुरतं. पाण्याची पिचकारी मारून किडे पाडणारा आर्चरफिश 1.005 ते 1.010 मध्ये खूश असतो. मोठे झालेले मोनो आणि स्कॅट 1.015 किंवा त्याहून खाऱ्या पाण्यात बरे. 100 लिटर पाणी 1.005 वर आणायला पाऊण किलोच्या आसपास सागरी मीठ लागतं. सागरीच हवं, स्वयंपाकघरातलं मीठ म्हणजे जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट कुठून येणार?

माझ्या मते घाई माशापेक्षा फिल्टरलाच जास्त नडते. तिथले जिवाणू माशांनी मुख्यतः कल्ल्यांवाटे सोडलेल्या अमोनियाचा निचरा करतात, आणि खारेपणा एकदम बदलला की त्यांचं काम मंदावतं. त्यात सागरी मिठाने पाण्याचा पीएच चढतो, आणि चढत्या पीएचला तोच अमोनिया अधिक विषारी ठरतो. आठवड्याला 0.002 ची वाढ पुरे. मीठ आधी बादलीत विरघळवून घ्यावं, थेट टाकीत ओतू नये.

बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं. म्हणून घटलेली पातळी गोड्या पाण्याने भरायची. मिठाचं पाणी फक्त काढलेल्या पाण्याच्या बदल्यात.