काउंटी जेलमधला माणूस शोधायचा आणि भेटायचा, ही पद्धत आली कुठून

अमेरिकेत आपल्यापैकी कोणाचा मुलगा, भाचा, रूममेट रात्री पकडला गेला की घरच्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, त्याला नेलं कुठे? ओळखीतल्या एका कुटुंबासोबत मी अशी एक रात्र जागून काढली आहे. काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणा) साइटवर आडनाव टाकून टाकून बोटं दुखली पण नाव काही येईना, आणि पहाटे फोनवर कळलं की पासपोर्टवर मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव होतं तेच बुकिंग, म्हणजे जेलमध्ये नोंद, करणाऱ्याने आडनाव म्हणून टाईप केलं होतं. म्हणजे मुलगा यादीत होता, पण बापाच्या नावाखाली. तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचतोय आणि माझं मत आता पक्कं झालंय की यातली कुठलीच सोय घरच्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली नाही.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. आपण सगळ्यालाच तुरुंग म्हणतो, पण तिकडे जेल वेगळं आणि प्रिझन वेगळं. प्रिझन राज्याचं नाहीतर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, तिथे शिक्षा झालेले. जेल बहुतेक ठिकाणी काउंटीचं, चालवणारा निवडून आलेला शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलिसप्रमुख, आणि आत मुख्यतः आपण ज्यांना कच्चे कैदी म्हणतो ते, म्हणजे जामीन झाला नाही किंवा भरायला पैसे नाहीत म्हणून बसलेले, शिवाय साधारण वर्षाच्या आतली शिक्षा असलेले. २०२३ च्या मध्याला स्थानिक जेलमध्ये साधारण ६ लाख ६४ हजार माणसं होती आणि त्यातल्या जवळपास ७० टक्क्यांवर गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. म्हणून लोक घाबरून फेडरल कैद्यांच्या साइटवर शोधतात तेव्हा काही सापडत नाही, तिथे १९८२ पासूनचे फेडरल कैदीच आहेत. आणि कनेटिकट, डेलावेअर, र्‍होड आयलंड, व्हरमाँट, हवाई अशा राज्यांत काउंटी जेल हा प्रकारच नाही, तिथे थेट राज्याकडेच विचारावं लागतं.

हे काउंटीचं खूळ इंग्लंडहून आलं. ११६६ मध्ये दुसऱ्या हेन्री राजाने फर्मान काढलं की ज्या काउंटीत तुरुंग नाही तिथे शेरीफने बांधावा. शेरीफ म्हणजे शायरचा रीव्ह, परगण्याचा कारभारीच म्हणा. पुढे कित्येक शतकं तुरुंगाधिकाऱ्याला पगार नसायचा, तो कैद्यांकडूनच फी उकळायचा, आणि ती भरणार कोण तर घरचे. १७७३ मध्ये जॉन हॉवर्ड बेडफर्डशायरचे शेरीफ झाले तेव्हा त्यांना दिसलं की निर्दोष सुटलेली माणसंसुद्धा फी बाकी म्हणून आतच आहेत. त्यांनी आधी आपल्या काउंटीत पगार सुरू करायची खटपट केली, मग शेजारच्या काउंट्या हिंडले, आणि पुढची उरलेली सगळी हयात तुरुंग बघण्यात घालवली. आत असलेल्या माणसाच्या नावावर बाहेरच्याकडून पैसे काढायचे ही सवय मात्र काही मेली नाही, ती पुढे परत भेटेलच.

अमेरिकेत आधी सगळं लहान होतं. अनेक काउंट्यांत शेरीफचं बिऱ्हाड आणि कोठड्या एकाच इमारतीत, कैद्यांचा स्वयंपाक शेरीफची बायको करायची, अशा इमारती आज कितीतरी गावांत म्युझियम म्हणून उभ्या आहेत. तिथे शोधाशोध कसली, गावात एकच जेल. आता तसं नाही. लहान जेलसुद्धा रिकाम्या खाटा शेजारच्या काउंटीला, यूएस मार्शल्सना (फेडरल कोर्टांचे कैदी सांभाळणारे), इमिग्रेशनवाल्यांना भाड्याने देतात, त्यामुळे एका गावात पकडलेला माणूस तिसऱ्याच काउंटीत निघू शकतो.

भेटीतली काच कायद्याने पक्की झाली १९८४ मध्ये. लॉस एंजेलिस काउंटीच्या जेलमधल्या कच्च्या कैद्यांनी मागणी केली होती की काचेआडून फोनवर बोलण्याऐवजी घरच्यांना जवळ बसून भेटू द्या. खालच्या कोर्टाने महिन्याहून जास्त आत असलेल्या आणि धोका नसलेल्यांना तशी परवानगी दिली होती, पण सुप्रीम कोर्टाने ब्लॉक विरुद्ध रदरफोर्ड या खटल्यात ती काढून घेतली. ड्रग्ज, हत्यारं आत येतील ही जेलची भीती रास्त आहे, आणि हात हातात घेऊन भेटणं हा घटनेने दिलेला हक्क नाही, असं ठरलं. लक्षात घ्या, हे गुन्हा सिद्ध न झालेल्यांबद्दल चाललंय. काच म्हटलं की मला २०१७ चा नाताळाचा दिवस आठवतो, इस्लामाबादला कुलभूषण जाधवांची आई आणि बायको त्यांना भेटल्या ते काचेआडूनच, आणि आईला मराठीत बोलू दिलं नाही असं आपल्या परराष्ट्र खात्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो देश वेगळा, प्रकरण वेगळं, पण काचेपलीकडे आपलं माणूस बसलंय म्हणजे काय ते तेव्हा घराघरात कळलं होतं.

आता ऑनलाइन शोधायची सोय. तिच्या मुळाशी एक फार वाईट घटना आहे. डिसेंबर १९९३ मध्ये केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये मेरी बायरन नावाच्या मुलीचा तिच्या २१ व्या वाढदिवशी खून झाला. मारणारा तिचा आधीचा बॉयफ्रेंड, तिच्यावरच्या अत्याचारासाठीच जेलमध्ये होता, जामिनावर सुटला आणि तिला कोणी कळवलंच नाही. त्यानंतर १९९४ मध्ये तिथल्या जेफरसन काउंटीत व्हाइन नावाची यंत्रणा सुरू झाली, फोन करा, नाव सांगा, आत आहे की सुटला ते कळेल, सुटला तर फोन येईल. आज ती बऱ्याच राज्यांत आहे आणि घरचेही तीच वापरतात. ती पीडितांसाठी झाली हे योग्यच झालं, मला त्याबद्दल एक शब्द वाकडा बोलायचा नाही. इमिग्रेशनच्या ताब्यातल्यांसाठीचं लोकेटर यायला तर २०१० उजाडलं, आणि तिथे नाव अक्षर न अक्षर जुळावं लागतं, सोबत जन्मदेश. आपल्या नावांची स्पेलिंगं बघता ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याने माणसाला दिलेला नंबर, हाताशी असलेला बरा. अजून एक, १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार परदेशी माणसाला अटक झाली की त्याच्या वकिलातीला कळवायचा हक्क त्याला आहे आणि हे त्याला सांगणं पोलिसांचं काम आहे, न सांगितल्यास आपण मागावं.

मग आले व्हिडिओवाले. २०१० नंतर कंपन्यांनी काउंट्यांना सांगितलं की स्क्रीन आम्ही बसवतो, खर्च आमचा, आणि घरून भेटणाऱ्यांकडून पैसे घेतो, कुठे कुठे मिनिटाला दीड डॉलरपर्यंत. लांब राहणाऱ्याला हे सोयीचं होतं, नाही असं नाही. पण २०१५ च्या एका पाहणीत निघालं की व्हिडिओ आणलेल्या ७४ टक्के जेलनी समोरासमोरची भेट सरळ बंदच केली. त्याच वर्षी टेक्सासने कायदा केला की काउंटी जेलनी आठवड्याला किमान दोन प्रत्यक्ष भेटी द्याव्यात, अर्थात ज्यांनी आधीच व्हिडिओवर खर्च केला होता त्यांना सूट मिळाली. सुरुवातीला सांगितलेल्या त्या कुटुंबातली आई तीन तास गाडीत बसून गेली, आणि लॉबीतल्या स्क्रीनवर मुलाशी बोलली, मुलगा वरच्या मजल्यावर, त्याच इमारतीत. जेवलास का, एवढंच ती तीनदा विचारत होती.

फोनची लढाई एका आजीने लढली. वॉशिंग्टनच्या मार्था राइट-रीड, निवृत्त नर्स, अंध, नातू आत. पत्र वाचता येत नाही म्हणजे फोन हाच आधार, आणि बिलं परवडेनात, म्हणून २००० मध्ये त्या आणि इतर कुटुंबं कोर्टात गेली. कोर्टाने फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, पाठवलं, तिथे दर आंतरराज्य कॉलवर बांधले गेले २०१३ मध्ये, राज्याच्या आतल्या कॉलचे दर कोर्टाने पुन्हा मोकळे केले २०१७ मध्ये, आणि त्यांच्या नावाचा कायदा सही होऊन आला जानेवारी २०२३ मध्ये, तेव्हा त्या हयात नव्हत्या. २०२४ मध्ये कमिशनने दर ठरवले, मोठ्या जेलमधून १५ मिनिटांचा कॉल जिथे ११ डॉलर ३५ सेंटपर्यंत जायचा तो ९० सेंटवर आणायचा, आणि अगदी लहान जेलना मात्र मिनिटाला १२ सेंट, म्हणजे तोच कॉल १ डॉलर ८० सेंट. २०२५ मध्ये त्याची मुदत पुढे ढकलली गेली, आणि त्याच वर्षी हे ठरलेले दरही वाढवले गेले.