जिप्सीचं घरगुती मॉडिफिकेशन (डॅशबोर्ड आणि ड्राइव्हट्रेन)

मारुती जिप्सी ही जुनी फोर बाय फोर गाडी घरच्या घरी, म्हणजे पार्किंगमध्ये, अंगणात, फारतर ओळखीच्या गॅरेजच्या कोपऱ्यात, स्वतःच्या हाताने सुधारत बसण्याचा जो उद्योग भारतभर चालतो त्याची ही नोंद. यात दोन मोठे भाग येतात. एक डॅशबोर्ड, म्हणजे मीटर, वायरिंग, स्विचेस वगैरे, आणि दुसरा ड्राइव्हट्रेन, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत ताकद पोचवणारं सगळं. लोक ही दोन वेगळी कामं समजतात, पण जिप्सीत ती एका केबलने बांधलेली आहेत आणि खालचं काही बदललं की वरचा मीटर खोटं बोलायला लागतो, ते पुढे येईलच.

जिप्सी १९८५ च्या डिसेंबरमध्ये आली, सुझुकीच्या एसजे४१० वर बेतलेली, ९७० सीसीचं पेट्रोल इंजिन, ४५ बीएचपी. १९९३ ला रुंद ट्रॅकची (डाव्या-उजव्या चाकांत जास्त अंतर असलेली) आली, १९९६ ला १२९८ सीसीची जिप्सी किंग (६० बीएचपी), आणि २००० मध्ये एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं) इंजिन आलं ते ८० बीएचपीचं. लष्कर, पोलीस, रॅलीवाले आणि ताडोबा-पेंचच्या सफारीवाले यांनी ही गाडी जगवली. २०१९ च्या सुमारास सामान्य गिऱ्हाइकासाठी ती बंद झाली, पण चांगल्या गाड्यांचा भाव काही उतरला नाही. मॉडिफिकेशनला ती एवढी का आवडते याचं उत्तर सोपं आहे: शिडीसारखी चासी, पुढेमागे सॉलिड ॲक्सल, चारही बाजूंना पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), आणि बॉनेटखाली हात घालायला भरपूर जागा. कॉम्प्युटर नाहीच (एमपीएफआयमध्ये आहे, पण तोही गरीब स्वभावाचा). १० ते १७ नंबरचे पाने, एक गोटी पान्याचा सेट, जॅक आणि दोन मजबूत स्टँड एवढ्यावर अर्धी गाडी खाली उतरवता येते.

डॅशबोर्ड

मूळ डॅशबोर्ड म्हणजे एक स्पीडोमीटर, पेट्रोलचा काटा, टेंपरेचरचा काटा आणि थोडे दिवे. आरपीएम मीटर नाही, ऑईल प्रेशरचा काटा नाही, व्होल्टमीटर नाही. टेंपरेचरच्या काट्यावर आकडेसुद्धा नाहीत, नुसतं सी आणि एच, आणि काटा एचकडे झुकलेला दिसेपर्यंत घाटात हेड गॅस्केटचं काय व्हायचं ते झालेलं असतं. ऑईलचा लाल दिवा तर त्याहून वाईट, तो दाब जवळपास संपल्यावरच पेटतो, म्हणजे ती सूचना नसून श्रद्धांजली आहे. म्हणून शहाणी माणसं पहिलं मॉडिफिकेशन करतात ते तीन छोट्या मीटरचं: टेंपरेचर, ऑईल प्रेशर, व्होल्ट. टचस्क्रीन स्टिरिओ आणि निळ्या एलईडी पट्ट्या हा दुसरा पंथ, त्यावर इथे वेळ घालवत नाही.

काम सुरू करायचं ते बॅटरीची निगेटिव्ह काढून. १० नंबरचा पाना, अर्ध्या मिनिटाचं काम, आणि तरीही दहातले सात जण ते करत नाहीत, मग कुठेतरी क्लस्टरमागे (सगळे मीटर बसवलेल्या चौकटीमागे) स्क्रूड्रायव्हर टेकतो आणि फ्यूज उडतो (नशीब असेल तर फ्यूजच). क्लस्टर बाहेर ओढायच्या आधी मागे हात घालून स्पीडोमीटरची केबल सोडवायला लागते. ती न सोडवता ओढलं तर केबल ताणून बसते किंवा क्लस्टरची प्लास्टिकची मान मोडते, आणि वीस-पंचवीस वर्षं उन्हात तापलेलं ते प्लास्टिक शेवेसारखं कुरकुरीत झालेलं असतं.

ऑईल प्रेशरचा मीटर बसवताना एक खड्डा आहे ज्यात जवळजवळ प्रत्येकजण एकदा पडतो. इंजिनवर ऑईल फिल्टरच्या जवळ दिव्याचा स्विच असतो, तो काढून तिथे टी (तीन तोंडांचा जोड) लावून मीटरचा सेंडर, म्हणजे दाब मोजून मीटरला कळवणारा भाग, बसवायचा. आता हा स्विच एक अष्टमांश इंचाच्या ब्रिटिश आट्यांचा, म्हणजे इंचाला २८ आटे. आणि बाजारात किंवा ऑनलाइन मिळणारे बरेच मीटर अमेरिकन पद्धतीचे, त्याच मापाचे पण इंचाला २७ आटे. हाताने फिरवलं की दोन-तीन फेरे मस्त जातात, वाटतं बसलं, मग जरा घट्ट लागतं म्हणून माणूस पाना लावतो आणि तिथे ब्लॉकचे आटे मरतात. आमच्या जिप्सीत मी हेच केलं होतं, वर टेफलॉनच्या टेपचे चार वेढे दिले की थांबेल असा आत्मविश्वास होता, थांबलं नाही, थेंब थेंब ऑईल एक्झॉस्टवर पडून सगळ्या सोसायटीला वास आला आणि शेवटी लेथवाल्याकडून ॲडॉप्टर करून घ्यावा लागला. तो आधीच करून घेतला असता तर एक रविवार वाचला असता.

वायरिंगमध्ये सगळ्यात फायद्याचं काम हेडलाइटच्या रिलेचं. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे १२० वॅट, १२ व्होल्टला १० अँपिअर, आणि हा सगळा करंट जुन्या स्विचमधून फिरून येतो. वाटेत व्होल्टेज पडतं आणि दिवे पिवळे दिसतात, मग लोक १०० वॅटचे बल्ब लावतात आणि होल्डर वितळवतात. त्याऐवजी चार पिनांचा रिले लावायचा: ३० नंबरला बॅटरीतून थेट लाइन (बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज घालून), ८७ मधून बल्बला, ८५ आणि ८६ मध्ये जुन्या स्विचची वायर आणि अर्थ. वायर अडीच एमएमची. मूळ ६० वॅटचाच बल्ब नव्यासारखा पांढरा पडतो, खर्च चहा-नाश्त्याच्या पातळीवरचा.

आणि काटे वेड्यासारखे हलायला लागले, म्हणजे हेडलाइट लावला की पेट्रोल वाढतं, वायपर लावला की टेंपरेचर वाढतं, तर मीटर बदलायच्या आधी अर्थ बघावा. जिप्सीत गंज हा घरचाच पाहुणा असतो आणि बॉडीला जिथे अर्थची वायर स्क्रूने लावलीय तो स्क्रू नुसता गंजावर टेकलेला असतो. पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करायचा, वर ग्रीसचं बोट लावायचं. इंजिन चालू असताना व्होल्टमीटर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसला की समजायचं सगळं ठीक.

केबल

स्पीडोमीटरची केबल जिप्सीत ट्रान्सफर केसमधून (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीतून) येते, तेही त्याच्या आउटपुट बाजूने. याचा अर्थ असा की ट्रान्सफरचे गिअर बदलले तर मीटरला काही फरक पडत नाही, पण टायर बदलले किंवा ॲक्सलमधला क्राऊन-पिनियन (शाफ्टची ताकद चाकांकडे वळवणारी गिअरची जोडी) बदलला की मीटर चुकतो. २०५/७० आर१५ टायरची उंची साधारण ६६८ मिलिमीटर, आणि सगळ्यांना जो दांडगा टायर हवा असतो तो २३५/७५ आर१५ साधारण ७३३ मिलिमीटर. फरक जवळपास १० टक्के. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने पळत असते, ८० दाखवतो तेव्हा ८८. तपासायला जीपीएससुद्धा नको, हायवेला किलोमीटरचे दगड आहेत: काटा ६० वर स्थिर धरायचा, शेजारच्याने घड्याळ लावायचं, एक किलोमीटरला ६० सेकंद लागायला पाहिजेत, मोठ्या टायरवर ५५ च्या आत दुसरा दगड येतो.

ओडोमीटर पण त्याच केबलवर आहे हे मात्र लोक विसरतात. मोठे टायर टाकल्यावर "गाडीचं ॲव्हरेज मेलं" अशी बोंब असते, ११ ची १० झाली म्हणून, अहो ती खरोखर ११ च देतेय, फक्त ओडोमीटर कमी मोजतोय (जड टायरमुळे थोडं पडतंही, पण ते वेगळं). उलट बाजूने ऑईल बदलायचे ५,००० किलोमीटर मीटरवर होतात तेव्हा गाडी खरी ५,५०० च्या घरात पोचलेली असते.

ड्राइव्हट्रेन

जिप्सीची खासियत ही की ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नाही. मध्ये एक छोटा शाफ्ट, मग ट्रान्सफर, मग त्यातून एक शाफ्ट पुढे आणि एक मागे. एकूण तीन शाफ्ट, सहा क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे वळणारे सांधे), आणि ट्रान्सफर तीन रबरी माउंटवर लटकलेला. हे रबर फाटले की लिव्हर हातात नाचतो आणि गाडी सोडताना "टक" वाजतं, आणि माणूस हजारोंचा गिअरबॉक्स उघडून बसतो तीन रबरांपायी. शाफ्ट काढायच्या आधी दोन्ही फ्लँजवर छिन्नीने किंवा पेंटने खूण करायची म्हणजे परत जसाच्या तसा बसतो. सरकणारा भाग वेगळा केला असेल तर दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे काटे एका रेषेत आलेच पाहिजेत, एक दात जरी फिरला तरी ५० च्या पुढे गाडी अंगात आल्यासारखी थरथरते.

ट्रान्सफर वेगळा असल्यामुळे तो उतरवणं दोन माणसांचं काम, आणि म्हणून लो गिअरचा सेट बदलणं हे जिप्सीवाल्यांचं आवडतं मोठं मॉडिफिकेशन. किंगच्या ट्रान्सफरचा हाय (रोजचा) रेशो १.४०९ आणि लो (हळू पण जोरकस) २.२६८. बाहेरून मिळणाऱ्या सेटमध्ये ४.१६ चा लो प्रसिद्ध आहे, तो टाकला की पहिल्या लो गिअरमध्ये गाडी पूर्वीपेक्षा १.८ पट हळू रांगते, क्लच न जाळता दगडावरून चढते आणि उतारावर ब्रेकला हात लावावा लागत नाही. वर सांगितलेल्या मोठ्या टायरमुळे चाकाशी जी ९ टक्के ओढ कमी झालेली असते ती भरून काढायचा हा एक मार्ग. दुसरा मार्ग क्राऊन-पिनियनचा रेशो बदलणं, पण तिथे पुढचा आणि मागचा दोन्ही एकाच रेशोचे लागतात, नाहीतर फोर व्हील टाकल्यावर पुढची चाकं एक सांगतात आणि मागची दुसरं. शिवाय ते सेटिंग घरचं काम नाही. दातांमधली फट मिलिमीटरच्या दशांशात बसवायची असते, जुने मिस्त्री तेलात कालवलेला शेंदूर दातांना लावून चाक फिरवतात आणि ठसा दाताच्या मध्यावर आला की समाधानाने मान हलवतात. ज्याला तो ठसा वाचता येतो त्याच्याकडेच द्यावं.

मागचा डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) वेल्ड करून टाकणं हा गरिबाचा लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं कायमची एकत्र फिरवायची युक्ती. चिखलात भारी चालतो, पण डांबरी रस्त्यावर वळताना टायर खरवडतो, ॲक्सल शाफ्टवर ताण येतो, आणि पावसात पुण्याच्या एखाद्या चौकात मागची बाजू पुढे यायला बघते. रोज चालवायच्या गाडीत करू नये असं माझं स्पष्ट मत. तसंच जिप्सीला पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही, म्हणून कोरड्या रस्त्यावर फोर व्हील टाकून हिंडायचं नाही, शाफ्ट आतून पिळ खात राहतो आणि लिव्हर निघता निघत नाही.

पाटे मूळचे ॲक्सलच्या खाली असतात, ते वर घेतले की गाडी चार-पाच इंच उचलते. फोटोत झकास. पण शाफ्टचे कोन वाढतात, ब्रेकचे होज आखूड पडतात, स्टिअरिंगचा रॉड वाकडा चालतो, आणि एकटं हे काम कधीच एकटं राहत नाही. इंजिन बदलायचं म्हटलं तर एस्टीम आणि जुन्या बलेनोची इंजिनं (१२९८ आणि १५९० सीसी) त्याच जी सिरीजच्या घराण्यातली, पण त्या गाड्यांत ती आडवी आणि जिप्सीत उभी बसतात, त्यामुळे संप (इंजिनखालची ऑईलची टाकी), मॅनिफोल्ड, डिस्ट्रिब्युटर असं बरंच जुळवायला लागतं.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे ॲक्सलचा ब्रीदर. ॲक्सलवर हवा सुटायला एक छोटं तोंड असतं. गाडी पळून ॲक्सल तापलेला असतो, तो ओढ्याच्या गार पाण्यात बुडला की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून नाहीतर ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी ड्रेन प्लग उघडला की ९० नंबरच्या ऑईलऐवजी चहा बाहेर येतो, दूध जास्त घातलेला. उपाय म्हणजे ब्रीदरला रबरी पाइप लावून तो इंजिनच्या खोलीत वरपर्यंत न्यायचा. कोकणात नाहीतर सह्याद्रीत पावसाळ्यात फिरणाऱ्याने बाकी काही नाही केलं तरी हे करावं. पुढच्या नकलचे (चाक वळवणाऱ्या सांध्याचे) सील आणि हबमधलं ग्रीस पण पाण्यातून आल्यावर बघायचं, कारण फ्री व्हील हबमध्ये (पुढचं चाक शाफ्टला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या भागात) पाणी शिरून गंजलं की लॉकची चकती नेमकी चिखलात फिरत नाही.

कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जादाचे मीटर, रिले, ब्रीदरचा पाइप याबद्दल सहसा कोणी काही बोलत नाही, पण इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, आणि उंची वाढवणं, बाहेर आलेले टायर, बुल बार हे नजरेत भरतं. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि जिप्सी म्हटलं की आता बऱ्याचशा त्या रांगेत. त्यामुळे बऱ्याच घरांच्या माळ्यावर एक खोकं असतं: मूळ क्लस्टर, मूळ शॅकल (पाटे चासीला लटकवणारे दुवे), कंपनीचे चार बारीक टायर गॅलरीत, आणि पासिंगच्या आदल्या रात्री टॉर्च तोंडात धरून कोणीतरी गाडीखाली आडवं झालेलं असतं.