कमरेला रोज बाळगायचं हत्यार कसं निवडायचं: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार मंडळी,

पिस्तूल-रिव्हॉल्वरचं लायसन मंजूर झालं की लोक दोन-चार दिवसातच दुकानात येतात आणि काउंटरला हात टेकवून पहिला प्रश्न असतो, "सगळ्यात भारी कुठलं?" आम्ही उलट विचारतो की तुम्ही दिवसभर करता काय, कार चालवता का बाईक, शर्ट इन करता का बाहेर ठेवता, गल्ल्यावर किती तास बसता. काही जणांना वाटतं हा दुकानदार उगाच चौकशा करतोय. पण भारी म्हणून घेतलेलं हत्यार महिन्याभरात कपाटात गेलेलं आम्ही इतक्या वेळा बघितलंय की आता विचारल्याशिवाय दाखवतच नाही. पिंपळगाव बसवंतहून रात्री कॅश घेऊन निघालात आणि हत्यार घरी कपाटात, तर त्या लायसनसाठी मारलेल्या सगळ्या चकरा फुकट गेल्या ना. दिवसभर अंगावर राहील, टोचणार नाही, दिसणार नाही आणि तुमच्या हाताला नीट चालेल असं हत्यार घ्या, आमचं सगळं सांगणं या एकाच गोष्टीभोवती आहे.

आधी नियम, कारण त्यावर बाकी सगळं ठरतं

शस्त्र नियम २०१६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की सार्वजनिक जागी हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर) न्यायची तर होल्स्टरमध्ये (हत्याराच्या म्यानात) अंगाला लावून किंवा सॅकसारख्या बॅगेत, आणि ती पूर्ण झाकलेली पाहिजे, शिवाय तुमचा तिच्यावर पूर्ण ताबा पाहिजे. म्हणजे झाकून नेणं आपल्याकडे ऐच्छिक नाहीच. लग्नात कोट बाजूला सारून कंबर दाखवणं, हॉटेलात टेबलावर काढून ठेवणं, फेसबुकला फोटो टाकणं, हे सगळं तुमचं लायसन धोक्यात घालणारं आहे. वरातीत बार काढायचा विचार तर डोक्यातूनच काढा, शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात बेफिकिरीने गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं अशी मर्यादा आली (आधी तीन होती) आणि लायसनची मुदत तीनवरून पाच वर्ष झाली.

नाशिक शहरात लायसन पोलीस आयुक्तालयातून, ग्रामीणला कलेक्टर ऑफिसमधून. लायसनवर क्षेत्र काय लिहिलंय ते आधी वाचा, फक्त महाराष्ट्र असेल तर सापुताऱ्याला फिरायला जाताना हत्यार घरी, कारण सापुतारा गुजरातेत आहे, हे आपल्याकडच्या भल्या भल्या लोकांच्या लक्षात येत नाही.

बोअरचं (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं) म्हणाल तर ९ एमएम हा प्रोहिबिटेड बोअर आहे, ते साधारण लायसनवर मिळत नाही, त्यामुळे सिनेमात बघितलेलं पिस्तूल मागू नका, नाही म्हणायला आम्हालाही वाईट वाटतं. खाजगी माणसाला बाहेरून आयात ८० च्या दशकातच बंद झाली. त्यामुळे आपल्याकडे बोलणं फिरून फिरून .३२ (इंच) बोअरवरच येतं.

बाजारात काय आहे

कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्वर हे सगळ्यात ओळखीचं, सहा राउंडचं (राउंड म्हणजे काडतूस), नळी पुढे झुकवून उघडणारं, वजन पाऊण किलोच्या आसपास. निर्भीक नावाचं रिव्हॉल्वर जानेवारी २०१४ मध्ये आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, ५०० ग्रॅम, तेव्हा किंमत १,२२,३६० रुपये होती आणि महिलांसाठी म्हणून त्याची खूप चर्चा झाली. प्रबल नावाचं रिव्हॉल्वर ऑगस्ट २०२३ मध्ये आलं, ६७५ ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, आणि त्याचं सिलिंडर (गोळ्या भरायचा फिरता गोल भाग) बाजूला उघडतं, नळी झुकवावी लागत नाही. उत्तर प्रदेशात संडीला इथे वेब्ली अँड स्कॉटची .३२ रिव्हॉल्वर २०२० पासून बनतात. .२२ मध्ये निडर नावाचं रिव्हॉल्वर आहे, फक्त २५० ग्रॅम. पिस्तुलात सरकारी .३२ अशनी. बाकी जुन्या इंपोर्टेड वेपनचा वेगळा बाजार आहे, किमती ऐकून घाम फुटतो, आणि त्यातली किती तरी आतून झिजलेली असतात, स्प्रिंग थकलेली, पार्ट मिळत नाहीत. रोज बाळगायला ती घेऊ नका, शौक म्हणून घ्यायची तर तुमची मर्जी.

हलकं म्हणजे चांगलं असं सरसकट धरू नका. गोळी तीच आणि हत्यार हलकं, तर धक्का हाताला जास्त बसतो. पाच राउंड मारून ज्याचं मनगट दुखतं तो सहावा सरावाला मारत नाही.

रिव्हॉल्वर का पिस्तूल

पिस्तूल चपटं असतं, शर्टाखाली कमी दिसतं, यात वादच नाही. रिव्हॉल्वरचं सिलिंडर फुगीर, बारीक माणसाच्या कमरेला ते टेंगूळ आल्यासारखं दिसतं. पण पहिल्यांदा घेणाऱ्याला आम्ही बहुतेक वेळा रिव्हॉल्वरच सुचवतो, कारण त्यात लक्षात ठेवायच्या गोष्टी कमी, एखादी गोळी फुसकी निघाली तर परत ट्रिगर ओढला की सिलिंडरमधलं पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात फुसकी गोळी निघाली, किंवा हात ढिला राहून रिकामी पुंगळी अडकली, तर स्लाइड (वरचा सरकणारा भाग) ओढून साफ करावं लागतं आणि ते घाबरलेल्या हाताला सरावाशिवाय जमत नाही. पिस्तुलाची अजून एक फसवी गोष्ट, मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची पेटी) काढलं तरी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या घरात) एक गोळी राहू शकते, आणि "मॅगझिन काढलं होतं हो" हे वाक्य अपघातानंतरच ऐकायला मिळतं.

मागे पेट्रोल पंप चालवणाऱ्या एक ताई आल्या होत्या, सोबत भाऊ. भावाने घरीच ठरवून आणलेलं, पिस्तूलच घ्यायचं. आम्ही रिकामं पिस्तूल ताईंच्या हातात दिलं, नळी भिंतीकडे, आणि म्हटलं स्लाइड ओढा. त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढली, अर्धी आली आणि निसटून परत बसली. पूर्ण तळवा वरून ठेवून, कोपर अंगाजवळ घेऊन ढकलायला दाखवलं, तेव्हा एकदा आली, पण तिसऱ्या वेळेला बोटं लाल. मग रिव्हॉल्वर दिलं. ट्रिगर जड होता पण त्यांनी सलग सहा वेळा ओढला आणि समोरचं टोक फारसं हललं नाही. भाऊ गप्प झाला. ताई रिव्हॉल्वर घेऊन गेल्या, आणि अजूनही सर्व्हिसिंगला स्वतः घेऊन येतात, म्हणजे वापरात आहे.

ही परीक्षा तुम्हीही द्या. मूठ धरल्यावर बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर नीट बसतंय का बघा, ताणून पोहोचावं लागत असेल तर ट्रिगर ओढताना हत्यार बाजूला वळणारच. करंगळी मुठीखाली लोंबकळत असेल तर पकड अर्धी. एकाच कारखान्याच्या दोन पीसमध्येसुद्धा ट्रिगरचा फरक असतो म्हणून आम्ही एक बघून पॅक करून देत नाही, दोन-तीन हातात द्यायला आमची ना नाही.

होल्स्टर आधी, हत्यार मग

हे वाचून हसू नका. लाखभर रुपये हत्यारावर घालणारा माणूस होल्स्टर मात्र रस्त्यावरचं दीडशे रुपयाचं घेतो, कापडाचं, ज्यात ट्रिगर बाहेरून दाबला जातो. होल्स्टरने ट्रिगर पूर्ण झाकलाच पाहिजे, तोंड कडक पाहिजे म्हणजे एका हाताने परत घालता येईल, आणि बेल्ट जाड दुपदरी पाहिजे, नाहीतर पॅन्ट एका बाजूने खाली येते आणि माणूस दिवसभर कंबर सावरत बसतो, मग झाकलेलं काय राहिलं. नुसतं खिशात हत्यार कधीच नको, त्यात चावी, नाणं, पेन काहीही ट्रिगरमध्ये जाऊ शकतं.

कुठे लावायचं हे तुमच्या दिवसावर आहे. कारमध्ये लांब बसणारा असेल तर उजव्या कुशीला पार मागे लावलेलं सीट आणि बेल्टमध्ये अडकतं, थोडं पुढे घेतलं की बरं. पोट सुटलेलं असेल तर समोर लावलेलं बसल्यावर टोचणार, त्यातून नळी लांब असेल तर मांडीत. बाईकवाल्यांनी मणक्यावर मागच्या बाजूला अजिबात लावू नका, गाडी घसरून पाठीवर पडलात तर लोखंड सरळ मणक्यात, आणि मागून कोणी हात घातला तर कळणारही नाही. नाशिकच्या द्वारका सर्कलच्या गर्दीत उभं राहून बघा, मागचा माणूस किती जवळ असतो.

उन्हाळ्यात पातळ कॉटनच्या पांढऱ्या शर्टातून काळी मूठ दिसते, रंगीत किंवा चौकड्याचा शर्ट एक साइज मोठा घ्या. घामाचं लोखंडावर काय होतं ते आमच्या सर्व्हिसिंगच्या टेबलावर येऊन बघा. अंगाला लागणाऱ्या बाजूवर आठ दिवसात तांबूस ठिपके. रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा हलका हात द्या, आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवू नका, चामडं ओल धरतं, त्र्यंबक-इगतपुरी साइडच्या पावसात तर विचारूच नका.

जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्वरमध्ये हॅमरखालचं (मागच्या घोड्याखालचं) एक घर रिकामं ठेवायला आम्ही सांगतो, पडलं आपटलं तरी गोळी सुटायला नको. पाच राउंड कमी वाटतात, पण आम्हाला तुमचा पाय जास्त महत्त्वाचा वाटतो.

काडतुसांचा घोळ

हे नीट वाचा, कारण इथे शिकलेली माणसंही चुकतात. .३२ पिस्तुलाचं काडतूस आणि .३२ रिव्हॉल्वरचं काडतूस वेगळं आहे. पिस्तुलाचं ७.६५ × १७, आखूड. रिव्हॉल्वरचं ७.६५ × २३, लांब, आणि बुडाला रुंद कडा. एकदा एक काका मित्राकडचे राउंड रुमालात बांधून घेऊन आले, "बसतात हो, बघा ना". बसत होते. रिव्हॉल्वरच्या घरात पिस्तुलाचं काडतूस कधी कधी बसतं, तोच तर धोका आहे, ते काडतूस त्या घरासाठी बनलेलंच नाही. शिवाय दुसऱ्याच्या लायसनवरचे राउंड तुमच्याकडे असणं हा वेगळाच गुन्हा. काकांना ते त्याच रुमालात मित्राला ताबडतोब परत करायला लावले.

डब्यावरचं आणि काडतुसाच्या बुडावरचं लिखाण वाचायची सवय लावा. बुडावर केएफ दिसलं तर ते आपल्या पुण्याजवळच्या खडकीचं, १८६९ पासूनचा कारखाना. एका वेळी किती आणि वर्षाला किती घ्यायचे ते तुमच्या लायसनवर लिहिलंय, त्याच्यावर एकही मिळणार नाही, कितीही ओळख असली तरी.

घरी

हत्यार कुलपात, राउंड दुसऱ्या कुलपात, चाव्या देवघरातल्या डबीत नकोत कारण ती जागा घरातल्या प्रत्येक पोराला माहीत असते. उशीखाली, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये, गल्ल्यात, हे तीनही नको. आणि शेजारीपाजारी, मिसळ पार्टीत, व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगत सुटू नका की आपल्याकडे आहे. तुमच्या घरी हत्यार आहे ही बातमीच चोराला बोलावते.

कुठे न्यायचं नाही

कोर्ट, एअरपोर्ट, मंदिराच्या गाभाऱ्यापर्यंतची रांग, सभा, मिरवणूक, आणि जिथे दारू घेणार तिथे तर नाहीच. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा करायचा आदेश आला तर वेळेत पोलीस स्टेशनला किंवा लायसनधारक डीलरकडे जमा करा आणि पावती जपून ठेवा. आता सिंहस्थ २०२६-२७ चा आहे, गर्दीच्या काळात आयुक्तालयाचे मनाई आदेश निघतात, पेपर वाचत जा, आम्हीही आमच्या ग्राहकांना कळवू.

आणि स्वसंरक्षणाचं काय, असं सगळे विचारतात. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये तो हक्क आहे, पण गरजेपुरताच, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो हक्क उरत नाही. चोर पाठ फिरवून पळतोय आणि तुम्ही गोळी मारली तर तुम्हालाच आरोपी म्हणून उभं राहावं लागेल. पळायला जागा असेल तर पळा, कॅश जाऊ द्या. हत्यार विकणारा माणूस हे सांगतोय, म्हणजे मनापासून सांगतोय असं समजा.

सराव

घरी शंभर वेळा पुसून ठेवलेलं हत्यार काही शिकवत नाही. रिकामं करून, दोनदा तपासून, राउंड दुसऱ्या खोलीत ठेवून, डमी काडतुसं घालून ट्रिगरचा सराव करा, रोज दहा मिनिटं. .२२ मात्र रिकामं ओढू नका, त्यात पिन थेट कडेवर आपटते आणि खराब होते. खऱ्या राउंडचा सराव फक्त परवानगी असलेल्या रेंजवर, शेतात किंवा धरणावर नाही. नाशिकला नेमबाजीचं वातावरण आहे, भीष्मराज बाम सरांनी इथे राहून कितीतरी नेमबाजांच्या मनाची तयारी करून घेतली, त्या गावात राहून आपण वर्षातून एकदाही रेंजला जात नाही हे बरोबर नाही.

दुकानात येताना मूळ लायसन आणि आधार आणा, झेरॉक्सवर आम्ही हत्यार हातातही देत नाही. रोजचा बेल्ट, रोजची पॅन्ट आणि रोजचा शर्ट घालून या, लग्नाचा सफारी नको. घाईत येऊ नका, तासभर लागेल. तुमच्यासोबत राहणारं कोणी, बायको, मुलगा, भाऊ, एकजण बरोबर आला तर उत्तम, कारण कुलूप कुठे आणि चावी कोणाकडे हे दोघांसमोर ठरलेलं बरं. दुपारी दोन ते चारमध्ये गर्दी कमी असते, तेव्हा निवांत बसून दोन-तीन पीस बघता येतील.